पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे

ती. आर्डिसताईस,

डोरीनचा उभ्यानेच नमस्कार (वाकलं की कंबर परत वर येत नाही). गुडघा कसा आहे? थंडीत गॅरेजच्या फरशीवर आडवी पडू नकोस, असं सांगणार होते. पण माझं तू कधी ऐकलंस!

कानावर आलंच असेल, मी अ‍ॅरिझोनाहून परत आले आणि हत्यारांच्या फिरत्या गाडीची फ्रँचायझी घेतली. पाने, सॉकेट, जॅक भरलेला ट्रक घेऊन गॅरेज-गॅरेज हिंडायचं. भोंगा वाजला की मेकॅनिक मंडळी हात पुसत आत चढतात. खरेदी कमी, गाऱ्हाणी जास्त. पहिल्याच सोमवारी ब्रेक दाबला आणि मागचे सगळे खण उघडले (त्यांना कुलूप लावतात, हे शिकवणीत सांगितलं होतं, मी तेव्हा डोनट आणायला गेले होते). चारशे सॉकेट खाली! लायल नावाचा म्हातारा मेकॅनिक ते निवडता निवडता म्हणाला, "बाई, सगळा माल असा पायाशी ओतणारी तुम्हीच पहिल्या!"

आता खरं सांगते. या वयात हा खटाटोप एकाच आशेने केला: दर गुरुवारी तुझ्या दारात भोंगा वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी "मला या ग्रीसचा वीट आलाय" म्हणत बाबांचं गॅरेज तुझ्या गळ्यात टाकून मी अ‍ॅरिझोनाला गेले, तेव्हापासून तू बोलली नाहीस. गिऱ्हाईक म्हणून तरी बोलशील, असं वाटलं. सही केली, आणि मग नकाशा पाहिला. माझी हद्द तुझ्या रस्त्याच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यावर संपते! पलीकडची गॅरेजं दुसऱ्या गाडीची. मी तिकडे विकायला गेले, तर फ्रँचायझी जाईल. (सही आधी, वाचन नंतर. तू म्हणशील, डोरीनच ती.)

म्हणून दर गुरुवारी पावणेबाराला धान्याच्या दुकानापाशी, अलीकडे, गाडी लावते आणि डब्यातला बटाट्या-खिम्याचा हॉटडिश खाते. समोर तुझं उघडं शटर दिसतं. एखाद्या गाडीखालून तुझे बूट दिसतात. फार आठवण येते गं.

तुझी,
डोरीन

ता.क. भोंगा तुझ्यासाठी वाजवते असं समजू नकोस. तो अडकतो.

ता.क. आणखी एक. मोडलेलं हत्यार बदलून द्यायला हद्द नसते, गिऱ्हाईकाने स्वतः गाडीत आणून दिलं की झालं. बाबांचा रॅचेट पाना तुझ्याकडेच आहे ना? तो मोडणाऱ्यातला नाही, ठाऊक आहे. तसाच घेऊन ये. मी तपासायला खूप वेळ लावीन.