फक्त गृहीतकं राहिलीत

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून नुसतं रिझनिंग. तीस तारखेला बँकेची परीक्षा. आण्णांनी निफाडहून बजावलंय, हा शेवटचा चान्स, नंतर त्यांच्या खतांच्या दुकानात बसायचं. युरिया विकायला बी.कॉम. झालो नाही मी! बाकी सगळं येतं. फक्त 'विधान आणि गृहीतक' अडतं. दोन दिवसांचं काम.

दुपारी
डोळा लागला.

५ नोव्हेंबर
क्लास. विधान: आई मुलाला म्हणाली, छत्री घेऊन जा. बोलणाऱ्याने मनात काय धरलंय ते ओळखायचं. एक, पाऊस येऊ शकतो. दोन, मुलगा ऐकेल. मी दुसरं कापलं. मी कधी छत्री नेलेली नाही. सर म्हणाले, आईला काय वाटलं ते सांग, तुला कोणी विचारलंय? शेजारच्या बाकावरच्या संध्याचं बरोबर आलं. नशीब एकेकाचं.

९ नोव्हेंबर
विधान: द्वारका चौकात ट्रॅफिक असतं, लवकर निघा. गृहीतक: लवकर निघालं तर वेळेत पोहोचता येतं. मी ठामपणे 'नाही' लिहिलं. चूक दिली. पेपर काढणारा नाशिकच्या या चौकात कधी अडकला नसावा.

१४ नोव्हेंबर
नवी स्ट्रॅटेजी. सगळीकडे 'दोन्ही गृहीत'. मॉक टेस्टमध्ये आपटलो. संध्या म्हणाली, रोज थोडे सोडव. सोडवून काय होतं? आधी कन्सेप्ट पाहिजे. तो उद्या.

२० नोव्हेंबर
कन्सेप्ट राहिला. आण्णांचा फोन. म्हणाले, लय डोकं नको शिणवू पोरा, जे व्हायचं ते व्हईल. केवढा विश्वास! भरून आलं.

३० नोव्हेंबर
पेपर झाला. पहिल्याच गृहीतकाशी झटत बसलो, वाटलं आत्ता समजेल. मागचे सगळे प्रश्न राहिले. अवघड होता म्हणजे कटऑफ खाली येणार. संध्याला सोपा गेला. तिला प्रश्न समजले नसावेत.

१ डिसेंबर, निफाड
पेपर बरा गेला सांगायला घरी आलो. दुकानावर नवी पाटी. 'अश्विन कृषी सेवा केंद्र'. शिडीवरून उतरत दत्तू पेंटर म्हणाला, दिवाळीतच रंगवून ठेवली होती हो, आण्णा म्हणे याचा पेपर झाला की लावू, आधी लावली तर वाईट वाटंल त्याला.

निकाल अजून लागायचाय.

विधान: बापाने दिवाळीतच पोराच्या नावाची पाटी रंगवली. गृहीतक पहिल्या फटक्यात समजलं. पर्यायही वाचावे लागले नाहीत. फार वाईट वाटलं.

आण्णांनी शेजारची खुर्ची पुसली. बसलो.