मागणी काहीच नाही

३ ऑगस्ट १९८१. हळ्ळीखेड (बी).

आजपासून लंघन.

कारण नोंदवून ठेवतो. छातीत जळजळ, चढ लागला की धाप, आणि कोटाचं मधलं बटण हल्ली काजापर्यंत पोचत नाही. काल हुमनाबादला डॉक्टरकडे गेलो. त्याने पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, जेवण वेळेवर होतं का? होतं म्हटलं. कोण करतं? मीच. मग म्हणाला, वेळेवर जेवा, थोडं फिरा, शक्य तर कुणाच्या सोबतीने बसून जेवा. आणि गोळ्या दिल्या. आजकालच्या डॉक्टरांचं निदान हे असं. मूळ विचार शेवटी माझा मलाच करावा लागला. जठराग्नीला विश्रांती पाहिजे. लंघन हेच परम औषध, हे आमच्या पाठशाळेत घोकून घेतलेलं आहे. पाठशाळेत जेवणही बेताचंच मिळे, त्यामुळे या वचनाचा अभ्यास पक्का झाला.

प्लॅन: एकभुक्त राहणे. चहा बंद. हॉटेल बंद. गणपतीपर्यंत शरीर इतकं हलकं करायचं की सौ. गाडीतून उतरली की क्षणभर ओळखणार नाही.

सौ. सुमतीबाई गुढीपाडव्यानंतर सोलापूरला गेली आहे, चिरंजीवांकडे. सुनेला आई नाही, बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. नातू आता पालथा पडतो, असं कळतं. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हाच मी सांगितलं होतं, सावकाश ये, माझं काही अडत नाही. आणि खरोखरच काही अडलेलं नाही. पिठलं मला येतं. भात येतो, बहुतेक वेळा.

४ ऑगस्ट. नागपंचमी.

लंघन मोडलं असं म्हणता येणार नाही. रामाचार्य पुरोहितांच्या घरून पुरणाचे कडबू आले. आज तळायचं नसतं, म्हणून वाफवलेले. वाफ म्हणजे तत्त्वतः पाणी.

तूप वर घातलेलं होतं. ते मी घातलेलं नव्हतं.

६ ऑगस्ट.

शरणप्पाच्या हॉटेलात जाऊन सांगून आलो की यापुढे येणार नाही. तसं स्टँडवर रोज जावंच लागतं. बिदर–सोलापूर गाडी सकाळी इथून जाते, तिचा कंडक्टर नागनाथ माझं बातम्यांचं पाकीट सोलापूरच्या पेपरात पोचवतो आणि संध्याकाळी परत येताना सौ.चा निरोप आणतो. निरोप म्हणजे, चटणी संपली का, एवढंच.

शरणप्पाने बशी पुसता पुसता विचारलं, मेष्ट्रे (मास्तरला तो कानडीत असंच म्हणतो), अन्न सोडलं? कामून? बाकावरची सगळी मंडळी वळून बघू लागली. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. मंडळी सरकून जवळ बसली. तत्त्व म्हटलं की लोक ऐकतात, हा माझा शाळेतला अनुभव नाही, पण हॉटेलातला आहे.

समजावून सांगायला वेळ लागला. सांगता सांगता चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला. बोलणारा माणूस रिकाम्या पोटी खोटा वाटतो.

९ ऑगस्ट. रविवार.

अडत दुकानात जाऊन काट्यावर उभा राहिलो. फरक नाही. तो काटा तुरीच्या पोत्यांसाठी आहे. माणसातले सूक्ष्म बदल टिपणं हे त्याचं कामच नव्हे.

११ ऑगस्ट. एकादशी.

निर्जळ. काहीही जड गेलं नाही. एकादशीला आमच्या गल्लीत कुणाच्याच घरातून फोडणीचा वास येत नाही. रामाचार्य उपाशी, त्यांचे बंधू उपाशी, समोरची म्हातारी उपाशी. सगळे पारावर बसून दुसऱ्या दिवशीच्या पारण्याचं बोलत होते. उपास सोबतीने केला तर तो जवळजवळ जेवणासारखाच असतो.

१२ ऑगस्ट. द्वादशी.

पारणं चुकलं.

द्वादशीला सौ. अंधारातच उठून हादग्याच्या पानांची भाजी टाकायची, आणि मला उठवायची, उठा, द्वादशी चालली. जणू द्वादशी ही एखादी गाडी आहे. आज कुणी म्हटलं नाही. उन्हं पायावर आली तेव्हा जाग आली. भात लावला, तो खाली लागला. वरचा खाता आला असता, पण एकट्याने पारणं करायचं म्हणजे कुणाला दाखवायचं, असं वाटलं. म्हणून लंघन तसंच पुढे चालू ठेवलं. याला सवलतीचा फायदा न घेणं म्हणतात.

(शाळेतून येताना केळी.)

१४ ऑगस्ट.

शेजारचा गुंडेराव घरी आला. माझाच विद्यार्थी. संस्कृतात पस्तीस मार्क मी दिले होते, बाकी सगळं त्याने स्वतः मिळवलं. आता हुमनाबादच्या तहसील कचेरीत क्लार्क आहे. खुर्चीच्या काठावर बसला आणि हळूच विचारलं, सर, नोटीस दिलाव का?

कसली नोटीस? म्हणाला, उपोषणाची. कचेरीपर्यंत गेलंय. साहेब विचारायलेत, वार्ताहर बसले म्हणजे मोठंच असणार, मागणी काय हाय?

मी मनसोक्त हसलो. या भागातल्या सगळ्या उपोषणांच्या बातम्या गेली अनेक वर्षं मीच पाठवतो. कचेरीपुढच्या लिंबाखाली बसणारा प्रत्येक माणूस मी मुलाखत घेऊन पाहिलेला आहे. बोर्डावर लिहिलेली मागणी एक असते आणि मनातली दुसरीच, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगू शकतो. म्हटलं, माझी मागणी काहीच नाही. तब्येतीसाठी आहे.

गुंडेरावाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि फार आदराने मान खाली घातली.

१५ ऑगस्ट. झेंडावंदन. पौर्णिमा.

झेंड्यापुढे उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. देशभक्तीने येते कधीकधी.

परतताना नळावर गुंडेरावाची आई भागाबाई भेटली. पांढरं लुगडं नेसलेली. पावसाळ्यातल्या पौर्णिमांना ती उपास धरते, संध्याकाळी त्यांच्या विहारात वंदनेला जाते. घागर खाली ठेवून म्हणाली, सर, माजा आज पुनवेचा हाय. तुमच्या रामाचारीबुवांचा एकादशीचा असतोय. शरणप्पाचा सोमवारचा. तुमचा सोमवार न्हाई, शनिवार न्हाई, देवाचं नाव न्हाई. मग ह्यो उपास कुनाच्या नावानं करायलाव?

मी म्हटलं, आरोग्याच्या. त्यावर ती बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, माजा गुंडू कचेरीत मागनी हुडकायलाय. मागनी सोलापूरला बसलीय की, नातू घेऊन.

बाया हसल्या. एकीची घागर भरून वाहू लागली तरी हसतच होत्या.

न्यायशास्त्रात अनुमान असं सांगितलं आहे: जिथे धूर दिसतो तिथे अग्नी असतो. माझ्या घरावर तर सध्या धूरही दिसत नाही. तेव्हा भागाबाईचं अनुमान मुळातच टिकत नाही. घरी येऊन हे तिला कसं सांगावं याचा बराच वेळ विचार केला. मग ती देऊन गेलेली राजगिऱ्याची वडी खाल्ली. उपासाचीच होती.

१८ ऑगस्ट.

भयंकर प्रकार. संध्याकाळच्या गाडीने नागनाथने शेंगाच्या चटणीचा डबा आणला आणि वर सांगितलं की त्याने सौ.ला बातमी दिली. काय दिली? म्हणाला, सरांनी तुमच्या नावानं अन्न सोडलंय, सगळा गाव म्हनायलाय.

या भागाचा अधिकृत वार्ताहर मी. आणि माझी बातमी माझ्या आधी, माझ्या सहीशिवाय, तपासून न घेता सोलापूरला! नागनाथला चांगलं सुनावलं. तो म्हणाला, सर, पाकिटातल्या बातम्या उद्या छापत्यात, माझी त्याच दिवशी पोचती.

मग, केवळ चौकशी म्हणून विचारलं, की ऐकून बाई काय म्हणाली. म्हणाला, आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग आत गेल्या आणि डबा भरून आनला, रोजच्यापेक्षा दाबून.

चटणी हे अन्न नव्हे, तोंडी लावणं आहे. चमच्याने खाल्ली.

२१ ऑगस्ट.

संध्याकाळची गाडी अर्धा तास उशिरा आली. नागनाथ दारातूनच ओरडला, सर, निरोप हाय! मी म्हटलं, खाली येऊन सांग. तो काही आला नाही. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, खिडक्यांतून लोक बघताहेत, आणि हा पायरीवर उभा राहून सांगतोय: बाई म्हनल्या, सरांची मागनी काय हाय ते सरांनी सोताच्या तोंडानं सांगावं. तेवढं सांगितलं की दुसऱ्या दिवशी गाडीत बसते. सून आता हिंडाय-फिराय लागलीय.

शरणप्पा हातातली किटली तशीच धरून उभा. बाकावर कुणी चहा ओढेना.

मी घसा साफ केला. इतक्या माणसांपुढे, चालत्या इंजिनाच्या आवाजात, खाजगी गोष्टी बोलायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. म्हणालो, मागणी काहीच नाही. तब्येतीसाठी चाललंय, असं सांग.

नागनाथने पुन्हा विचारलं, न्हाई म्हनून सांगू? सांग म्हटलं.

गाडी गेल्यावर शरणप्पा किटली ठेवून म्हणाला, मेष्ट्रे, संस्कृतात ‘या’ कसं म्हनतात? सांगितलं, आगम्यताम्. तो म्हणाला, एवढं अवघड असंल तर राहू द्या.

२२ ऑगस्ट.

शांतपणे विचार केला. कालचं उत्तर योग्यच होतं. शब्दांचा अर्थ एक असतो आणि शब्दांतून सुचवलेला अर्थ दुसरा. मागणी काहीच नाही असं ज्या आवाजात मी म्हटलं, तो आवाज नागनाथने पोचवला तर सौ. उद्याच्या गाडीत असेल. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे न कळायला काय झालं?

घर झाडलं. हांडा भरला. जाळी काढताना लक्षात आलं की स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कोळ्यांनी वस्ती केली होती. एकट्या माणसाला एवढं घर लागत नाही, ते वाटून घ्यावं लागतं.

लंघनाला सुट्टी. आल्या-आल्या तिला करायला नको म्हणून भात लावून बघितला. यावेळी जमला. झाकून ठेवला.

२३ ऑगस्ट.

गाडी आली. उतरले: हुमनाबादचे दोन वकील, एक म्हातारी, तिची शेळी.

कालचा भात फोडणीला टाकून खाल्ला.

२४ ऑगस्ट.

गाडी आली. शेळीसुद्धा नाही. कंडक्टर दुसरा. नागनाथ रजेवर.

म्हणजे निरोप पोचलाच नसावा. सगळा उलगडा झाला. उगीच माणसाने मनाला लावून घेऊ नये.

भागाबाईने भाकरी आणि अंबाड्याची भाजी आणली. उंबऱ्यातून ताट आत सरकवून म्हणाली, सर, तोंडाला काय कुलूप घातलंव? या म्हनायला कुठं पैसा पडतोय? मी म्हटलं, नागनाथ रजेवर आहे. ती म्हणाली, डाकघर बी रजेवर हाय का?

रामाचार्यांनी उंबऱ्यावर ताट पाहिलं असतं तर मला त्यांच्यापुढे बराच खुलासा करावा लागला असता. सुदैवाने ताट मी लवकर रिकामं केलं.

२६ ऑगस्ट.

पत्र लिहायला बसलो. घरगुती पत्राला मायना फार महत्त्वाचा. मायना उत्तम झाला. पुढे, इकडील सर्व क्षेम, हे लिहिलं. ते असत्य नसावं म्हणून नाडी पाहिली. ठीक लागली. मग कुशल विचारलं, नातवाला आशीर्वाद लिहिले, पाऊसपाणी लिहिलं, उडदाचा भाव लिहिला. कार्ड भरलं. आता त्यात आणखी काही मावत नाही, हा कार्डाचा दोष.

परत वाचून पाहिलं तर पेपरला पाठवण्यासारखं झालं होतं. पेपरला पाठवलं.

२७ ऑगस्ट.

नागनाथ हजर. निरोप त्याने बावीस तारखेलाच पोचवला होता, मग सोलापुरातूनच रजेवर गेला. आज उत्तर आणलं. गाडीतून खाली उतरून, जवळ येऊन, हळू आवाजात सांगितलं, आणि तेच मला आवडलं नाही.

बाई म्हनल्या, मागनी न्हाई तर बरं झालं. तब्येतीला जपा म्हनावं. गौरी-गणपती इकडंच करते, सुनेला तेवढीच मदत. दिवाळीचं दिवाळीला बगू.

आणि डबा? म्हणाला, डबा न्हाई दिला.

शरणप्पाने न विचारता चहा पुढे ठेवला. घेतला. भजी ठेवली. घेतली. खिशाकडे हात नेला तर म्हणाला, उपोषण सोडतानाचं पैसे घेत नसत्यात.

तेव्हा अधिकृतपणे नोंदवतो की लंघन आज संपलं. हेतू आरोग्याचा होता आणि आरोग्य उत्तम आहे. बटण तिथेच आहे.

२८ ऑगस्ट. सकाळ.

पाकीट द्यायला स्टँडवर गेलो. बातमी: तालुक्यात पिकं बरी आहेत. दुसरी नव्हती.

नागनाथने पाकीट पिशवीत टाकलं आणि विचारलं, बाईला काही निरोप हाय का, सर? गाडी रिकामी होती. हॉर्न नव्हता. शरणप्पा मागे विहिरीवर गेला होता. ऐकणारं कुणीच नव्हतं.

नाही म्हटलं.

त्याने घंटी मारली. गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली तेव्हा मी हात वर केला. थांबवायची असं नव्हे. पण थांबली असती तर काहीतरी बोललो असतो. थोडं पळालोही. डॉक्टरने व्यायाम सांगितलेलाच आहे.

नागनाथने मागच्या काचेतून पाहिलं. त्याला वाटलं, निरोप देतोय. त्यानेही हात हलवला, अगदी वळणापर्यंत. फार मनमिळाऊ माणूस.