वळायची जागा

आप्पा, सगळ्यात आधी आली ती बारक्या केसांची पुण्याची पोरगी. कार्यक्रम शनिवारी आणि ही बया शुक्रवारी सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसलेली. पायात पुरुषी चपला, खांद्यावर वळकटी, आणि तो घोट्याशी घागऱ्यासारखा फुगणारा पायजमा. मी दार उघडलं तर म्हणते, "आजी, तांब्याभर पाणी मिळेल का?" म्हटलं, मिळेल की, त्यात काय. तिचं पाणी पिऊन होईतो मागनं दोघं आले, मग आणखी तिघं, आणि दुपारपर्यंत आमचा ओटा म्हणजे एस्टी स्टँड झाला. शेजारी विड्या वळणारी आहे, तेलगू बोलणारी, पण मनानं लई मोठी. ती मांडीवरचं सूप तसंच हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्या कानाशी म्हणते, "अय्यो अक्का, ह्यातले पोरं कुठले आणि पोरी कुठल्या?" म्हटलं, जेवायला बसले की कळेल. तर जेवायला बसल्यावरही कळलं नाही. सगळे सारखेच खात होते. कडक भाकरी बिस्किटासारखी मोडून, शेंगाचटणीत बुडवून. मी भाजत होते आणि हसत होते. किती दिवसांनी आमच्या चुलीपुढं एवढी माणसं बसली होती.

हे सगळे एका बँडच्या मागं फिरणारे. बँड म्हणजे तुमचा लाल कोटाचा नव्हे हो. मुंबईची चार पोरं, विजेवर वाजणाऱ्या गिटारी, आणि एक जण ढोलांचा अख्खा संसार मांडून मधोमध बसतो. गावोगावच्या स्टेडियमात वाजवत निघालेले. कोल्हापूर झालं, सांगली झाली, आता आमचं पार्कचं स्टेडियम, मग अकलूज. आणि ही पोरं त्यांच्या ट्रकमागं मिळेल त्या एस्टीनं. निजायचं फलाटावर, खायचं कुणी देईल ते, ओरडून ओरडून घसे बसलेले. एकानं तर ढोलवाल्याची मोडकी काडी अंथरुणात गुंडाळून आणली होती, देवाच्या टाकासारखी. आणि भांडायचे कशावरून, तर सांगलीला तिसरं गाणं जास्त रंगलं का कोल्हापूरला. सून आतनं मला म्हणते, "आत्या, ह्यांना आईबाप हायेत का न्हाईत?" मी म्हटलं, असतील, पण असल्या वयात आईबाप कुठं आठवतात. मला मात्र तुम्हीच आठवत होता.

कारण माझं पण तसंच होतं. मोडनिंबला आप्पांनी असं वाजवलं आणि वैरागला तसं, म्हणून मी आईचं डोकं खायची. तुम्ही लग्नाच्या बँडमध्ये सुंदरी वाजवायचा, आणि तुमच्या सुपारीचा दिवस आला की मी सकाळपासनं तुमच्या मागं मागं, आता मला घरी ठेवणार म्हणून. मी आणि घरी? वैरागच्या लग्नाला तुम्ही सगळे बैलगाडीनं निघालात आणि मी मोठ्या ढोलाच्या खोळीखाली शिरले. बार्शीच्या पुढं गेल्यावर मला शिंक आली. गाडी थांबली, तुम्ही खोळ उचलली, सगळ्या बँडासमोर माझा कान धरला आणि म्हणालात, "पुन्यांदा माज्या मागं आलीस तर तंगडं मोडून हातात दीन." मी रडत नाही. मी तुमच्याकडं बघते आहे. लाल कोटात तुम्ही किती उंच दिसता, हेच माझ्या डोक्यात. मग लग्नात पंगतीला बसलात तेव्हा तुमच्या पानातले बुंदीचे दोन्ही लाडू मला दिलेत, आणि येताना कोटाचं एक पितळी बटण तोडून दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधलंत. "आता तू बी बँडातली. पर घरी बसून." आई नंतर त्या बटणावरून तुम्हाला किती बोलली! कोट बँडच्या मालकाचा होता ना.

ते बटण मी त्या पुण्याच्या पोरीला दाखवलं. तिच्या छातीवर तिच्या बँडचा पत्र्याचा बिल्ला होता, म्हटलं, बघ, माझा पण आहे. ती तिथंच खाली बसली. "आजी, कोणता बँड? काय वाजवायचे?" आणि मला काय झालं कोण जाणे, एवढी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. पोरानं नाही, सुनेनं नाही, नवऱ्यानं तर हयातीत नाही. मी तिला तुमची पाठवणीची चाल सांगितली. सुंदरी कशी असते तेही सांगितलं, सनईचं धाकटं भावंड, हातभरही नाही, पण गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. आणि ती चाल कुणाची नाही, तुमचीच. नवरी निघाली की तुम्ही पुढं व्हायचा, सूर चढवत चढवत वेशीपर्यंत यायचा, आणि तिथं मधोमध थांबायचा. साफ थांबायचा. सुंदरी तोंडातनं खाली. ढोल पण गप्प. नवीन माणसाला वाटायचं, दम संपला म्हाताऱ्याचा. दम नव्हता संपलेला. ती पोरीनं मागं वळायची जागा होती. तुम्ही म्हणायचा, "वाजत ऱ्हायलं की पोरगी सुरासंगं फरफटत जाती. थांबलं की तिला कळतं, आपण निगालो." मग पोरगी वळायची, आईबापाला, घराला एकदा बघून घ्यायची, आणि मग तुम्ही परत सूर धरायचा.

माझ्या वेळी पण धरलात. बँडचा मालक म्हणाला होता, लेकीच्या लग्नात बापानं वाजवू नये, तुम्ही ऐकलं नाही. मी पुढं, तुम्ही माझ्याही पुढं पाठमोरे, मग वेस आली, तुम्ही बाजूला झालात, मी तुमच्या अंगावरनं पुढं गेले आणि सूर थांबला. मी वळले. तुम्ही सुंदरी छातीशी धरलेली, तोंडाला फुंकायच्या पत्तीची लाळ तशीच, ओठ वाजवल्यासारखे गोल, आणि डोळे. बास. तेवढंच. दिवाळसणाला माहेरी आले तेव्हा लाल कोट खुंटीवर होता आणि तुम्ही नव्हता. फोटो कुठला आपल्याकडं? माझ्याकडं तुमचा चेहरा आहे तो त्या जागेतला. एरवीचा आठवायला गेलं तर सगळा धूसर, पण ती चाल मनात धरली आणि थांबले, की तुम्ही उभे. भाकरी थापताना, नळावर नंबर लावून बसल्यावर, कधीही. सूर थांबायचा, मी मनात वळायची, तुम्ही असायचा. एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नाहीत.

शनिवारी स्टेडियमात कार्यक्रम झाला तो मी घरातनंच ऐकला, आमचे पत्रे थरथरत होते. रविवारी सकाळी ती पोरगी गिटारवाल्यालाच घरी घेऊन आली! केस मानेवर, पोरगा सभ्य, चपला बाहेर काढून आला. मी गायले, आप्पा. माझा आवाज कसला, फुटका, पण गायले, आणि मधे थांबले. त्यानं वीज नसलेली गिटार मांडीवर घेतली, परत म्हणा आजी, परत म्हणा आजी, असं करत सगळी बोटांत बसवली. शेजारीण दारात उभी राहून विड्या वळायचं विसरली. मी अशी फुगले होते म्हणून सांगू! जाताना तो म्हणाला, "अकलूजला वाजवतो. तुम्ही यायचंच." पोरगा माझा गिरणीतनं आला, त्याला म्हटलं, मी अकलूजला चालले. तो म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" सून म्हणाली, "जाऊ द्या की, येताना त्यांचा फुगलेला पायजमा तेवढा घालून येऊ नका म्हणावं." तर गेले. त्या सगळ्या पोरांबरोबर एस्टीत, खिडकीशी. मोडनिंबच्या स्टँडवर त्यांनी मला चहा पाजला आणि मी त्यांना दाखवलं, तिकडं त्या अंगाला तुम्ही वाजवलेलं. ते सगळे खिडकीतनं बघायला लागले, जसं काही तुम्ही तिथं अजून उभेच आहात. अशी माणसं मला आयुष्यात भेटली नव्हती. कुणी आवडलं तर त्याच्या मागं जावं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि तेवढं मलाही कळत होतं.

अकलूजला कारखान्याच्या मैदानावर दिवस असतानाच सुरू झालं. मला पुढं खुर्ची. उसाच्या गाड्या हाकणारे, शाळेची पोरं, बाया, सगळे. तीनचार गाणी झाली आणि गिटारवाल्यानं हात वर करून काहीतरी सांगितलं, पोरांनी माझ्याकडं बोट केलं, आणि तुमची चाल निघाली. विजेवर निघाली, पण तुमचीच. चढवत चढवत वेशीपर्यंत आली. मी बटण मुठीत धरलं. जागा आली. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या खरोखरची मान वळवली, आप्पा, मागं.

तिथं ढोल वाजला. धाडधाड धाडधाड, त्या पोरानं सगळे ढोल एकदम बडवले, जागा पार भरून काढली, वर झांजा, आणि त्याच्यावरनं गिटार पुढं गेली. मागं वळून मी बघते तर सगळं मैदान नाचतंय. मोडक्या काडीवाला पोरगा रडतोय, पुण्याची पोरगी माझ्या गळ्यात पडून ओरडतेय, "आजी, तुमचं गाणं! तुमचं गाणं!" मी पण टाळ्या वाजवल्या. काय करणार? एवढा आनंद झालेल्या माणसाला काय सांगायचं?

नंतर पुण्याच्या पोरीला सांगितलं. ट्रकपाशी, सामान चढत होतं तेव्हा. म्हटलं, बाई, तिथं थांबायचं असतं. मी गाऊन दाखवताना थांबले होते की. पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, "आजी, त्याला वाटलं तुम्हाला पुढचं आठवत नव्हतं म्हणून थांबलात. ती जागा रिकामी राहत होती ना, म्हणून भरली." रिकामी! घरी सांगायचं राहिलेलं ते आता तिला समजावलं, वेस, वळणं, सगळं. तिनं गिटारवाल्याला बोलावलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, चुकलं आमचं. आम्ही आवाज धरायचं मशीन घेऊन तुमच्या घरी येतो. तुम्ही म्हणाल तसं, थांबाल तिथं थांबून." खोटं बोलणारा पोरगा नव्हता तो, हे मी आजही म्हणेन.

पण आप्पा, त्या दिवसापासनं मला तुम्ही दिसत नाही. मनात चाल धरते, वेशीपर्यंत येते, आणि जागा आली की ढोल. धाडधाड. मी घाईघाईनं मागं जाते, परत पहिल्यापासनं धरते, हळू धरते, दात ओठ खाऊन थांबते, तरी ढोल. वळायला सवडच मिळत नाही. सुनेला एकदा म्हटलं, मला माझ्या वडलांचा चेहरा आठवेना झालाय. ती म्हणाली, "आत्या, मला तर माझ्या आईचा बी न्हाई आठवत, वय झालं की असंच." ती चांगल्या मनानं म्हणाली. पण हे वयाचं नाही. मी सांगू कुणाला?

गेल्या उन्हाळ्यात शेजारणीच्या धाकट्या पोरीचं लग्न झालं, हितंच गल्लीत मांडव. पाठवणीला बँडवाल्यांनी काय वाजवावं? तेच. अकलूजला ऐकलेलं कुणी उचललं असेल, लोकांना आवडलं, आता सगळ्या लग्नात वाजतं म्हणे. शेजारीण रडत रडत धावत माझ्याकडं आली, "अक्का, बघ ना, तुझ्या नानाचं पाट लावलंय!" तिच्या भाषेत नाना म्हणजे बाप आणि पाट म्हणजे गाणं, एवढं मला येतं. माझ्यासाठी तिला केवढं कौतुक. मी दारात उभी. ती पोरगी, जिला मी रांगताना बघितली, निघाली. सूर चढला. जागा आली, ढोल वाजला, आणि पोरगी त्या तालात पाय टाकत सरळ गेली. वळली नाही. आई मांडवात हात पुढं करून उभी होती. पोरगी वळलीच नाही, आप्पा. तिचा काय दोष, कुणी थांबलंच नाही तिच्यासाठी. तुम्ही म्हणायचा तसं, सुरासंगं फरफटत गेली. आता अशाच जाणार सगळ्या. आणि ती चाल माझ्याच तोंडून बाहेर पडली.

हे कागद नातवाच्या वहीतनं फाडून घेतलेत. तुम्ही मला दुसरीपर्यंत घातलंत, तेवढ्या अक्षरात लिहिलंय, आणि लिहून झालं की चुलीत घालीन. वाचून दाखवायला कुणी नको आहे. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी परातीत पीठ मळताना मी चाल गुणगुणत होते, आणि जागा आली तेव्हा परातीवर धाडधाड वाजलं. बघते तर माझीच बोटं.

ती पोरं मशीन घेऊन सिद्धेश्वराच्या जत्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षतेच्या दिवशी येतो म्हणाली होती. कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारलं नाही.