टाके नसलेलं ऑपरेशन

दि. ४ जून

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आग्रहामुळे अखेर डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. पाळी थांबत का नाही, ते कळलं. गर्भाशयात पॉलिप वाढलाय, म्हणजे आतल्या अस्तराला फुटलेला मांसाचा कोंभ. बाई म्हणाल्या, दुर्बीण घालून काढू आणि तपासायला पाठवू, बहुधा साधाच असेल. पोटावर काप नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी.

हे ऐकून यांचा चेहरा उजळला, रजा वाचली ना. सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं की रात्रीच्या स्वयंपाकाला मी येतेच.

आता खरं सांगते, रागावू नकोस. दवाखान्यात बाकावर शेजारी एक बाई बसली होती. तिची सगळी पिशवीच काढली होती. दीड महिना तिला बादली उचलू दिली नाही, जाऊ हातात ताट आणून द्यायची. छोटे, मला तिचा हेवा वाटला. लग्न झाल्यापासून बाळंतपणं सोडली तर मी दिवसा आडवी झालेली नाही. मुलं मोठी झाली, आता पिशवी हवी कुणाला? बाईंना सांगणार आहे, सगळंच काढा. देवाने दिलेली रजा समजेन.

लोभ आहे तसा असू दे.

तुझी ताई

दि. १० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग घाबरून पुन्हा वाचलं. बटाट्याला डाग पडला तर तू डाग कापून उरलेला शिजवतेस. आज ती काटकसर कुठे गेली? झोपायला मिळावं म्हणून कुणी चांगला अवयव कापून देतं का?

भाऊजींना सरळ सांग, विश्रांती हवी. ते जमत नसेल तर घरी येऊन खोटंखोटं कण्हत पड. मीच आले असते, पण माझी रजा संपलीय. तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलले, राग धरू नकोस.

तुझी छोटी

दि. १९ जून

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. पिशवी जागेवर आहे. सगळं काढा म्हटल्यावर बाईंनी कारण विचारलं. माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. ऐकून त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी मी सुरी धरणार नाही. आज सकाळी पॉलिप काढला. तपासायला पाठवलाय. पुन्हा वाढू शकतो म्हणे, लक्ष ठेवायचं.

संध्याकाळी घरी आले तर सकाळची भांडी तशीच पडलेली. सासूबाईंनी टाके किती ते विचारलं. एकही नाही म्हटलं. दुखतंय का विचारलं, तर फारसं नाही म्हटलं. त्यांनी भाजीची टोपली माझ्याकडे सरकवली. तू कण्हायला सांगितलं होतंस, पण ज्या तोंडाने देवाचं नाव घेते त्याने ते सोंग जमेना.

मी खोलीत जाऊन आडवी झाले. हे दारात आले, काय होतंय म्हणाले. काही होत नाही, पण उठणार नाही, असं मी सांगितलं.  हे दार लोटून घेऊन गेले.

पडल्यापडल्या लिहितेय, अक्षर लावून घे. बाहेर कुणीतरी भांडी आपटतंय. उद्या मलाच उठायचंय, ठाऊक आहे. आत्ता पुन्हा दार वाजतंय. वाजू दे.

माया राहू दे.

तुझी ताई