पुढची सीट

सोमवार, ३ मार्च

गाडी परत फाटकातच आडवी पडली. माझ्या अंगावर नाही, एवढं नशीब. शेजारचे काका धावत आले, दोघांनी मिळून उभी केली. बायकोची मोटारसायकल – ती उंच, तिला पेलायची. मी पुढे बसलो की पाय टेकत नाहीत. लग्नापासून ती चालवायची आणि मी मागे, मांडीवर नमुन्यांची पेटी. घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, प्रयोगशाळेत पोचवायचं. सुया माझ्याकडे, रस्ता तिच्याकडे. ती गेल्यापासून फेरी बंद आहे.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "महिनाअखेरपर्यंत थांबते. मग मात्र दुसरं कोणी नेमावं लागेल हो, पेशंट अडतात." इतके दिवस थांबल्या हेच खूप. पण फेरी गेली तर सकाळी उठून मी करायचं काय?

बुधवार, ५ मार्च

मेहुणी आली. म्हणाली, "भाऊजी, ताईची गाडी विका आणि विजेवरची घ्या. क्लच नाही, गिअर नाही. मूठ पिळायची आणि जायचं. तुमच्यासारख्यांसाठीच काढलीय."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे सज्जन."

बऱ्याच दिवसांनी हसलो. घरात तो आवाज जरा मोठाच वाटला.

परवाना आहे माझ्याकडे. तरुणपणी काढलेला. लग्नानंतर त्याची गरज पडली नाही.

शनिवार, ८ मार्च

मेहुणीबरोबर दुकानात गेलो. विक्रेती मुलगी म्हणाली, "बसून बघा ना काका." बसलो. सीट रुंद, पाय ठेवायला जागा ऐसपैस, पेटी मांडीवर नीट राहील. तसं तिला सांगितलं. मुलगी हळूच म्हणाली, "काका, चालवणार कोण आहे?"

मी मागे बसलो होतो.

मेहुणी पाठ फिरवून काचेतून रस्ता बघत राहिली. मुलगी मात्र हसली नाही. पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सावकाश पुढे सरका." तिचे आभार मानायचे राहिले.

रविवार, ९ मार्च

कसली गाडी हवी ते आज नीट ठरवलं. दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. एका चार्जिंगमध्ये फेरी करून घरी येऊन थोडं उरलं पाहिजे. खाली गाड्या लावतो तिथे वीज नाही, म्हणजे बॅटरी काढून जिन्याने वर नेता आली पाहिजे – आणि माझा गुडघा दुखरा. फेरीतला खाणीकडचा रस्ता खड्ड्यांचा, म्हणून चाकं मोठी. वेग नको.

मंगळवार, ११ मार्च

दुकानात एक काळी गाडी आहे, सगळे तीच नेतात म्हणे. बॅटरी निघत नाही. दुसरी राखाडी, बुटकी, दोन छोट्या बॅटऱ्यांची. मुलगी म्हणाली, "ही दिसायला जरा अशीच आहे."

"भाऊजींसारखीच आहे. हीच घ्या," मेहुणी म्हणाली.

मी विचारलं, बॅटरी घेऊन तुमचा जिना चढून बघू का? मुलीने मालकांकडे पाहिलं. "चढू द्या," मालक म्हणाले. एक-एक करून दोन्ही नेल्या. गुडघा काही बोलला नाही. मुलीने आपणहून सांगितलं, "पत्रकातलं अंतर खरं धरू नका काका. ओझं असलं, चढ असला की कमी जाते." कमी धरूनही फेरी होते. आज तिचे आभार मानले – त्या दिवसाचे धरून.

मागची सीट काढून पेटीसाठी कॅरियर बसवून देतो म्हणाले. "नंतर बसवा," मेहुणी म्हणाली. "शिकेपर्यंत तिथे मी बसणार आहे."

रविवार, १६ मार्च

शाळेच्या मैदानावर शिकवणी. सुट्टी, कोणी नव्हतं. मागून मेहुणीची फर्मानं चालू. "नजर लांब ठेवा. चाकाकडे काय बघताय, ते कुठे पळून जात नाही." एकदा मूठ जास्त पिळली गेली. आवाज नाही, काही नाही, गाडी सरळ गोलपोस्टकडे सुटली. थांबली तेव्हा माझी कॉलर मेहुणीच्या मुठीत होती. ती सोडत म्हणाली, "छान. आता ब्रेक कुठे आहे तेही बघून ठेवू."

म्हटलं, एकदा तू चालवून दाखव.

"मी चालवली तर तुम्ही परत मागे बसाल."

खरं होतं. परत मूठ धरली.

शुक्रवार, २१ मार्च

रोज येते बिचारी, तिचं घर सोडून. आज म्हणाली, "वळणाच्या आधी हळू. वळणात नाही." हे तिची ताई म्हणायची, अगदी याच शब्दांत. बहिणीच त्या. गाडी कडेला घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.

सोमवार, २४ मार्च

एकट्याने फेरी केली. कॅरियरवर पेटी. खाणीकडच्या आजी म्हणाल्या, "गाडी आली ते कळलंच नाही. पूर्वी कोपऱ्यावरूनच कळायचं." मग बाही वर करून हात पुढे केला. "घ्या लवकर, उपाशी बसलेय."

नमुने वेळेत पोचले. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "उद्या?"

"उद्या," म्हटलं.

रविवार, ३० मार्च

मेहुणीकडे जेवायला गेलो. साडूंना म्हटलं, तुमच्या बायकोने किती धीराने शिकवली मला गाडी. साडूंचा घास हातातच राहिला. "हिने? हिला साधी सायकल येत नाही हो. लहानपणापासून ताईंच्या मागे बसायची, तेवढंच."