रिकाम्या जागेत खोचलेलं फूल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फुलांचं दुकान आणि पुष्परचनेचे वर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे, आणि ते साक्षीदारही आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. जे आहे ते माझ्याच मनाचं, आणि ते अठ्ठावीस वर्षांचं आहे.

कलम पहिले. दुकानावरच्या दोन खोल्या सामानासकट माझ्या मुलाला द्याव्यात. त्याने कपाटाचं निखळलेलं दार बसवून घ्यावं. दहा वर्षं सांगते आहे, आता तरी ऐकेल.

कलम दुसरे. दुकान, पाण्याच्या बादल्या, कात्र्या आणि देठ रोवून उभे करायची ती पितळी खिळ्यांची बैठक, हे सगळं धाकटीचं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यापासून ती माझ्याबरोबर दुकानात आहे. मुलगा म्हणेल, "काकूला दुकान कशाला? ती तर कायम मागच्या खोलीत असते." ती मागे का असते, ते कलम चौथ्यात लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय त्याने तोंड उघडू नये.

कलम तिसरे. पुस्तकंही धाकटीलाच. आमच्या पाटीवर "देशोदेशीच्या पुष्परचना" असं लिहिलं आहे, पण मी एकही परका देश पाहिलेला नाही. सगळं पुस्तकांतून शिकवलं. जुन्या डच चित्रांतली फुलदाणी शिकवली, जिच्यात वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं शेजारी शेजारी बसतात, कारण चित्रकार ज्या त्या ऋतूत ते ते फूल पाहून ठेवत असे. इंग्रजी पद्धत शिकवली, गोल आणि गच्च, देठ दिसता कामा नये. ही मला जमते. माझ्या बोलण्यासारखीच आहे, मध्ये फट म्हणून नाही. आणि जपानी शिकवली. एक फांदी उंच, एक मधली, एक खाली झुकलेली, बाकी जागा मोकळी. ही मला कधीच जमली नाही आणि हिच्यावरच मी नाव कमावलं. हे लिहिताना आत्ताही कान तापले आहेत.

कलम चौथे. काचेच्या कपाटातला चांदीचा चषक. त्याच्यावरचं माझं नाव घासून काढावं आणि तिथे धाकटीचं नाव कोरून घ्यावं. कारण असं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पुष्पप्रदर्शनात आम्ही दोघींनी स्पर्धेसाठी एकेक रचना ठेवली होती. माझी इंग्रजी, चार डझन फुलांची. हॉलमधल्या उकाड्याने अकरा वाजताच फुलांनी माना टाकल्या. धाकटीची जपानी. वाकडी काटकी, दोन पानं, एक पांढरं फूल. लोक तिच्यासमोर थांबत होते, माझ्यासमोरून पुढे जात होते. धाकटी पाणी आणायला गेली आणि मी दोन्ही रचनांपुढची नावाची कार्डं बदलली.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. तिच्या रचनेत डाव्या बाजूला मी एक गुलाबी कार्नेशन खोचलं.

धाकटी बादली घेऊन परत आली. तिने कार्ड पाहिलं, फूल पाहिलं. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "रचना फार सुंदर आहे. पण हे गुलाबी फूल कुणी खोचलं? हा हात वेगळा आहे."

मी म्हटलं, "ही मदतीला असते ना, हिने खोचलं असेल. हिला यातलं काही कळत नाही."

बाईंनी ते फूल उपटून धाकटीच्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "अहो, मोकळी जागा भरायची नसते."

धाकटी म्हणाली, "बरं."

चषक मला मिळाला. बाईंचं ते वाक्यही मीच उचललं आणि वर्गात स्वतःचं म्हणून खपवलं. धाकटीने त्यानंतर रचना केली नाही. ती मागे देठ कापते आणि फिती बांधते. कोणी विचारलंच, तर "तिचा हात जरा जड आहे" असं मी सांगत आले. मला याची लाज वाटते. याहून चांगला शब्द मला सापडत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा रिपोर्ट आल्यावर मी तिच्यापाशी विषय काढला. "अगं, ते कार्ड मी…"

तिने कात्री थांबवली नाही. म्हणाली, "कार्डाचं काही नाही हो, ताई. पण ते फूल माझं नव्हतं."

कलम पाचवे. जरा दम खाते. समोरच्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या दुकानदाराला माझ्या अंत्यदर्शनाला येऊ द्यावं. स्वतःचा माल घेऊन येऊ देऊ नये.

कलम सहावे. वरचं सगळं मेल्यावर वाचलं जाणार, म्हणजे मी पुन्हा सुटले. ते नको. म्हणून चौथं कलम मी येत्या शनिवारी वर्गात, धाकटी दुकानात असताना, स्वतः वाचणार आहे. शनिवारपर्यंत काही होत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

हे सर्व मी समजून लिहिलं आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार: १) आमचे डॉक्टर (सही) २) कुंड्या पुरवणारा कुंभार (सही)
स्थळ: दुकान, पुढचं टेबल
दिनांक: नऊ तारीख, गुरुवार
सही: थोरली

पुरवणी, अकरा तारीख, शनिवार, त्याच साक्षीदारांसमोर. चौथं कलम वाचलं. वर्गातल्या बायका वह्यांत डोकी घालून बसल्या. धाकटी मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आली. टेबलावर सकाळी मी केलेली गच्च इंग्रजी रचना होती. तिच्यातलं एकेक फूल काढून ती माझ्या हातात देत गेली. माझे दोन्ही हात भरले, तेव्हा फुलदाणीत तीनच देठ उरले होते.

"धरा जरा, ताई," ती म्हणाली. "आणि मध्ये बोलू नका."

मी म्हटलं, "बरं."

सही: थोरली