गल्लीचा दर्जा

३ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

तुझ्या दादाने या वयात अख्ख्या गल्लीचं नाक कापलं. गल्लीचा दर्जा ठरवणाऱ्या पाहणीवाल्या बाईंच्या फॉर्मवर मी शिक्षण चौथी लिहिलं, धंदा गटाराचे पाइप बसवणे. खोटं लिहून पकडला गेलो तर, या भीतीने अक्षरही दोनदा गिरवलं. घरं बाराच, एकानेही सरासरी ढासळते. माझ्यापायी गल्लीचा दर्जा ‘उच्च’चा ‘मध्यम’ झाला, आणि म्हणे घरांचे भाव उतरले. कोपऱ्यावरचे वकील मला पाहून रस्ता बदलतात.

वीस तारखेला फेरपाहणी आहे. सूनबाई म्हणते, बाबा, नुसतं ‘सल्लागार’ लिहा. कसला सल्ला, विचारलं तर दूध उतू जातंय म्हणून आत पळते. चिरंजीव म्हणतात, तेवढे दिवस आत्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, जा. घर मी बांधलं आणि नाव त्याचं घातलं, हा माझा शहाणपणा! एकदा माझी खाट निघाली की तिथे कपाट यायला कितीसा वेळ?

शोभेसाठी गल्लीभर चकचकीत फरशी घातली आहे. मीच बसवलेल्या गटाराची झाकणंसुद्धा खाली पुरली. मी ओरडलो, तर वकील म्हणाले, काका, तुम्हाला सौंदर्यातलं काय कळतं!

माया आटू देऊ नकोस.

दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

खुशाल ये म्हटलं असतं, पण आमची वस्ती ‘निम्न’ आहे. तुझ्या चौथीने आमचा दर्जा चढेल आणि घरमालक भाडं वाढवेल. तेव्हा मुळीच येऊ नकोस! खाटेला चिकटून बैस. झाकणं कुठे पुरली आहेत ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

रागावलास तरी लोभ असू दे.

धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

काल चिरंजीवांनी माझी पिशवी भरून दारात ठेवली होती. तेवढ्यात गटार तुंबलं आणि वकिलांच्या अंगणातून घाण वर आली. पाहणीवाल्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या. वकील ‘काका, काका’ करत धावत आले. मी विचारलं, सल्ला देऊ की काम करू?

त्यांच्या फाटकापासून सात पावलं मोजली, फरशी फोडायला लावली, झाकण उघडून गटार मोकळं केलं. बाईंनी माझा धंदा विचारला, तेव्हा वकीलच ओरडले, गटारवाले आहेत, लिहा लवकर!

दर्जा मध्यमच राहिला. चिरंजीवांनी पिशवी स्वतःच आत नेली. संध्याकाळी वकील वही घेऊन आले, बाकीची पाच झाकणं कुठे आहेत ते लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, चौथी शिकलेल्याला एवढं कुठलं लिहिता येतंय? मी इथेच आहे, अडलं की हाक मारा.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

दादा